टेकडीवर पाटी हवी

टेकडीवर पाटी नको, असं माझं मत होतं आणि ते मी तावातावानं मांडत असे. पाट्यांसाठी बदनाम असलेल्या पुण्यात राहून असं म्हणणं जरा गमतीचंच. पण शहरापासून दोनशे-अडीचशे मीटर वर गेल्यावर तरी ‘इथून जा, तिथून जाऊ नका’ हे ऐकावं लागू नये, एवढी माझी अपेक्षा होती. टेकड्यांवर एमटीबी, म्हणजे जाड टायरची डोंगरी सायकल, चालवणाऱ्या बहुतेकांची आजही हीच अपेक्षा आहे. माझी राहिलेली नाही. वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण-बावधनचे डोंगर, इथं सायकलींसाठी ठरवून दिलेल्या मोजक्या वाटा असाव्यात, त्यांवर ठळक पाट्या असाव्यात आणि उरलेल्या टेकडीवर सायकलीला मज्जाव असावा, या मताला मी येऊन पोचलो आहे. बरोबरीच्या सायकलवाल्यांपैकी काहींना ही फितुरी वाटते. म्हणून हे कसं झालं ते एकदा सविस्तर सांगून टाकतो.

आधी सुखाबद्दल बोलू, नाहीतर सोडलं काय ते कळायचं नाही. पुण्याच्या टेकड्या शहराबाहेर नाहीत, शहराच्या पोटात आहेत. मुळा आणि मुठा ज्या सखल भागातून वाहतात तो समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, आणि वेताळ टेकडीचा माथा आठशेच्या आसपास. कोथरूड, पाषाण, गोखलेनगर, कुठूनही निघा. पाव तासात चाक डांबर सोडून मातीवर येतं. सायकल गाडीवर बांधा, पहाटे चारला उठा, शहराबाहेर पडा, ही यातायात इथं नाही. वर बेसॉल्टचा उघडा कातळ, त्याच्या झिजेतून झालेला मुरूम, कुसळी गवत, मधूनच सालई आणि हिवर, आणि वन विभागानं पूर्वी सढळ हातानं लावलेलं गिरिपुष्प. सुक्या मुरमावर पुढचा ब्रेक जोरात दाबला तर जोंधळ्यावर पाय पडल्यासारखं चाक निसटतं. बाभळीचे काटे आणि सराटे यांच्यापुढे साध्या ट्यूबचा निभाव लागत नाही. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, हा नवशिक्याला मिळणारा पहिला सल्ला. माथ्यावर वेताळाचं देऊळ, जुन्या दगडखाणीत साचलेलं पाणी, लांबवर सिंहगडाचा टॉवर. मग उतार. बूड सीटच्या मागे, गुडघे सैल, नजर चाकाच्या चार-पाच मीटर पुढे. त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात ऑफिस, घराचा हप्ता, मुलांची दहावी, काही म्हणता काही डोक्यात उरत नाही.

एवढं सुख फुकट मिळत असताना कुणी त्यावर नियम लावायला लागलं, तर माणूस चिडणारच. चालायला येणाऱ्यांशी आमची चकमक ठरलेली असे. ‘अहो, घंटी तरी वाजवा!’ ‘काका, वाजवली होती. तुमच्या खिशात अभंग चालू होते.’ मग टेकडी कुणाची, यावर दोन मिनिटं शाब्दिक मारामारी, आणि दोघंही आपापल्या वाटेनं. टेकडी मोठी आहे, वाटा हव्या तितक्या आहेत, नसतील तर नवीन पाडता येतात, हे माझं त्यावरचं उत्तर. वर्षभर येणारी शेकडो पावलं टेकडी जेवढी झिजवतात, त्यापुढे आमची चाकं म्हणजे काहीच नाहीत, असंही मी ऐकवत असे.

यासाठी माझ्याजवळ पुरावेही होते. १९९४ साली विल्सन आणि सेनी या अमेरिकी संशोधकांनी मोंटाना राज्यातल्या डोंगरवाटांवर माणसं, घोडे, मोटरसायकली आणि सायकली फिरवून प्रत्येकानं किती माती सुटी होते ते मोजलं. ओल्या केलेल्या वाटेवर खुरांनी आणि पायांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी केली. २००१ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात थर्स्टन आणि रीडर यांनी न मळलेल्या जंगलजमिनीवर चालणारे आणि सायकलवाले यांची तुलना केली. झाडोरा आणि माती यांची हानी दोघांकडून जवळपास सारखीच निघाली. हे दोन अभ्यास मी इतक्या जणांना ऐकवले आहेत की आमच्या गटात कुणी वाद सुरू केला की बाकीचे माझ्याकडे बघून हसायचे, आता हा मोंटाना काढणार.

अभ्यास मला आजही पटतात. त्यांच्या आधारानं मी जे म्हणत होतो ते पटत नाही. एक तर त्यांतली तुलना एका फेरीची एका फेरीशी आहे. टेकडीवर माणूस फेऱ्या मोजून येत नाही, वेळ घेऊन येतो. सकाळच्या दोन तासांत चालणारा सात-आठ किलोमीटर करेल, मी त्याच वेळात त्याच्या दुप्पट-तिप्पट फिरतो. फेरीमागे नुकसान सारखं असेल तर माणसामागे माझं जास्त भरतं. हा साधा गुणाकार करायला कुठल्याही अभ्यासाची गरज नव्हती, फक्त तो मला सोयीचा नव्हता. दुसरा मुद्दा याहून मोठा आहे. पायदळी गेलेल्या जमिनीचा अभ्यास करणाऱ्यांचं एक जुनं निरीक्षण आहे: न मळलेल्या जमिनीची सर्वांत जास्त हानी सुरुवातीच्या थोड्या फेऱ्यांतच होते. गवत मोडतं, वरचा थर दबतो. त्यानंतरची प्रत्येक फेरी भर कमी घालते. म्हणजे एकाच वाटेवरून हजार जण गेले तर टेकडीची एक रेघ जाते. तेच हजार जण पन्नास वाटांनी वीस-वीस करून गेले तर पन्नास रेघा जातात. ‘नसेल तर नवीन पाडू’ हे माझं उत्तर सगळ्यात महाग होतं. चाक की पाऊल, यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो, आणि वाटा किती असाव्यात हे कुणी विचारलंच नाही.

कागदावरचं हे गणित मला टेकडीवर दाखवलं ते एका निवृत्त गृहस्थांनी. पुण्याच्या टेकड्यांवर उन्हाळाभर रोपांना बाटल्यांतून पाणी घालणारी बरीच मंडळी दिसतात, त्यांतलेच हे एक. आमच्या एका आवडत्या शॉर्टकटवर ते हिवराच्या आणि खैराच्या काटेरी फांद्या आडव्या टाकत, आम्ही त्या उचलून बाजूला फेकत असू. कोण टाकतं हे ठाऊक नव्हतं. एकदा पावसाळ्यात समोरासमोर गाठ पडली. फांदी माझ्या हातात होती. आता भांडण, असं मी धरून चाललो.

‘उचला, उचला,’ ते म्हणाले. ‘मी उद्या परत टाकीन. पण आज भेटलाच आहात तर जरा खालपर्यंत चला.’

थोड्या नाइलाजानंच मी सायकल झाडाला टेकवून निघालो. नुकतीच सर येऊन गेली होती. वरच्या बाजूला आमची वाट टायरच्या रुंदीची, बोटभर खोल. त्यातून पाणी चाललं होतं. पन्नासेक पावलं खाली ती वीतभर खोल झाली, आणखी खाली गुडघाभर. वन विभागानं पाणी मुरावं म्हणून त्या उतारावर सलग समपातळी चर खणले आहेत. चराच्या खालच्या अंगाला काढलेल्या मातीचा वरंबा असतो. तो वरंबा आम्हाला उडी मारायला फार सोयीचा होता. उड्या मारून मारून तो एका जागी फुटला होता, आणि चरात थांबायचं ते पाणी त्या खिंडारातून तांबडं होऊन नाल्याकडे धावत होतं.

‘चालणाऱ्यांनीही वाटा पाडल्यात, एकट्या तुम्ही नाही,’ ते म्हणाले. ‘पण पायाचा ठसा सुटा असतो हो. चाकाची रेघ तुटत नाही, आणि पाण्याला रेघच लागते.’

यावर मोंटाना काढायचं माझं धाडस झालं नाही. खरं तर तिथं त्याचा उपयोगही नव्हता. किती माती सुटी झाली हे त्या अभ्यासात मोजलं होतं. सुटलेल्या मातीला वाहून नेणारा उतार कुणी कसा आखला, हा आमच्या टेकडीचा प्रश्न होता.

त्यानंतर वाट आखण्याचं तंत्र मी मुळापासून वाचून काढलं, आणि इतकी वर्षं उतारावर काढून यातलं काहीच आपल्याला कसं ठाऊक नव्हतं, याचं नवल वाटलं. पाणी उताराला सरळ खाली जातं. वाटही सरळ खाली गेली की तिचा नाला होतो. म्हणून वाट उताराला आडवी काढायची, आणि तिचा चढ ज्या उतारावर ती आहे त्याच्या निम्म्याहून कमी ठेवायचा. उतार शंभर मीटरला वीस मीटर असेल तर वाट शंभराला दहाच्या आत. मग वरून आलेलं पाणी वाट ओलांडून पलीकडे उतरतं, वाटेच्या लांबीनं पळत नाही. वाटेला दरीच्या बाजूला किंचित कल द्यायचा. शिवाय ठरावीक अंतरानं वाट थोडी चढवून पुन्हा उतरवायची, म्हणजे तरीही साचलेलं पाणी त्या खोलगट जागी बाहेर पडतं. गुरांच्या वाटा पाहिल्या तर त्या बहुतेक अशाच असतात. गाय-म्हैस डोंगर सरळ कधी उतरत नाही. आमच्या लाइनी मात्र झाडून सगळ्या सरळ खाली जाणाऱ्या, कारण थरार तिथंच असतो. त्या ‘आखल्या’ कुणीच नव्हत्या. एकजण घसरत खाली गेला, दुसरा त्याच्या मागे गेला, वाट झाली.

पुण्यात पाऊस वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. हे ऐकून वाटतं की एवढ्याशा पावसानं काय होणार. जुलैतल्या रिपरिपीनं खरंच फार काही होत नाही. माती नेतो तो मे महिन्यातला वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, तासाभरात सगळं ओतून मोकळा होणारा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या आंबिल ओढ्यानं काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. माणसं गेली, घरं गेली. सायकलींमुळे पूर आला असं कुणी शहाणा म्हणणार नाही. ओढ्यांच्या पात्रात शहरानं काय काय भरलं, ती वेगळी आणि फार मोठी कहाणी आहे. पण डोंगरावरचं पाणी मुरण्याऐवजी पळत सुटलं की खाली काय होतं, हे त्या रात्रीनं दाखवलं. वेताळ टेकडीच्या एका अंगाचं पाणी मुठेला जातं, दुसऱ्या अंगाचं रामनदीतून मुळेला, आणि दोन्ही संगमावर एकत्र येतात. आमच्या शॉर्टकटची मातीही तिथवर गेली असणार.

पाण्याएवढाच दुसरा मुद्दा वेगाचा, आणि तो मला टिटवीनं शिकवला. टिटवी घरटं असं बांधत नाही. उघड्या मुरमाड जागेत जरासा खळगा करते आणि त्यात अंडी घालते. अंड्यांचा रंग मुरमात इतका मिसळतो की ती दोन हातांवरून दिसत नाहीत. उन्हाळ्यात माथ्यावरच्या मोकळ्या पठारावर मी सायकल काढली की टिटव्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालायच्या. मला ते टेकडीचं संगीत वाटायचं. पाय मुरगळल्यामुळे काही आठवडे नुसता चालत होतो, तेव्हा थांबून पाहिलं. ती बाई जीव तोडून मला अंड्यांपासून लांब न्यायचा प्रयत्न करत होती. सायकलवरून हे कळणं शक्य नव्हतं. ओरडणं ऐकू येईपर्यंत मी त्या जागेवरून पुढे गेलेलो असे.

या खेळाची जन्मकथा आम्ही सायकलवाले फार अभिमानानं सांगतो, पण तिचा उत्तरार्ध गाळतो. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या आसपास, १९७० च्या दशकात काही उनाड पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडू लागली. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथं ‘रिपॅक’ नावाची पहिली शर्यत झाली. नाव पडलं ते ब्रेकमुळे: मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक उतारावर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. त्या मंडळींतल्या जो ब्रीझनं पुढच्याच वर्षी खास डोंगरासाठी सांगाडा बनवला, आणि १९९६ मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोचला. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढचं असं, की त्याच टॅमलपायसच्या परिसरात चालणारे आणि घोडेस्वार यांच्याशी खटके उडत गेले. बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद वाटांवर ताशी १५ मैलांची वेगमर्यादा आली आणि ती मोडणाऱ्यांना पकडायला रेंजर रडार घेऊन उभे राहिले. जिथं हा खेळ जन्मला, तिथंच तो कोंडला गेला. याउलट वेल्समधल्या कोएड-य-ब्रेनिनच्या सरकारी वनात १९९० च्या दशकात सायकलींसाठी मुद्दाम वाटा बांधल्या, दगडाचा भक्कम तळ घालून, आणि त्या पाहायला जगभरचे लोक जाऊ लागले. ‘नियम आले की मजा गेली’ हे माझं वाक्य वेल्सपुढे टिकत नाही.

वेताळ टेकडीचं वेल्स करा, असं मात्र मी म्हणत नाही. तिथं लावलेल्या सूचिपर्णी झाडांचं विस्तीर्ण वन आहे, इथं गर्दीच्या शहरातला गवताळ तुकडा आहे, ज्यावर पहाटे पाचपासून माणसं असतात. उड्यांसाठी लाकडी रॅम्प, बांधलेली वळणं, स्पर्धांचे मांडव, यातलं काहीही मला इथं नको आहे. दिशा ठरवून दिलेल्या दोन-तीन वाटा पुरेत, उताराला आडव्या, चालणाऱ्यांच्या मुख्य वाटांपासून वेगळ्या, टिटवीचं पठार वगळून. जोरदार पावसानंतर त्या बंद. त्यांच्या डागडुजीचं काम सायकलवाल्यांचं. फावडं आम्ही मारायचं. आणि आजचे सगळे शॉर्टकट काट्यांनी बुजवायचे.

यावर मित्र जो आक्षेप घेतात तो पोकळ नाही. टेकड्यांची मालकी एकाची नाही. काही भाग वन विभागाचा, काही महापालिकेचा, काही खासगी. सायकलवाल्यांना आज तिथं कागदोपत्री जागाच नाही, म्हणून कुणी अडवतही नाही. ‘तू अर्ज घेऊन गेलास तर आहे तेही बंद करतील,’ असं एकानं मला सुनावलं. करतीलही. मला त्याची भीती वाटते, आणि या भीतीवर माझ्याकडे उतारा नाही. एवढंच दिसतं की कुणाच्या नजरेत न येता मजा करत राहायची, हा बेत शहर वाढतं तसा टिकत नाही. सायकली वाढल्या, चालणारे वाढले, आता मोटरसायकली वर नेणारी पोरंही आहेत. एखादा गंभीर अपघात झाला की बंदी येईल, आणि ती विचार करून आलेली नसेल.

दुसरा आक्षेप असा, की टेकडी फोडून रस्ता आणि बोगदे करण्याच्या योजना डोक्यावर असताना टायरच्या रेघांचं काय घेऊन बसलास. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवण्यासाठी मोठा मोर्चा निघाला तेव्हा मीही त्यात होतो. ज्यांच्याशी माझी सकाळी हुज्जत व्हायची तेच काका-काकू शेजारी चालत होते. रस्त्यानं टेकडीचं जे होईल त्यापुढे आमच्या रेघा किरकोळ आहेत, हे खरंच आहे. पण टेकडीवर पाणी मुरतं, पाखरं राहतात, म्हणून रस्ता नको, असं दिवसा म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चराच्या वरंब्यावरून उडी मारायची, हे मला त्यानंतर जमेना. मोठ्या गुन्ह्याकडे बोट दाखवून आपला लहान गुन्हा लपवण्याची सवय शहराला आहेच. टेकडीवर ती कशाला न्यायची?

सायकल मी सोडलेली नाही. वेग कमी झाला आहे, वाटा तर फारच कमी झाल्या आहेत, आणि सरळ खाली जाणारी ती लाइन पाहिली की अजूनही पाय शिवशिवतात.

पुण्यात डोंगरी सायकल चालवत असाल तर पाटी येईपर्यंत थांबू नका. जोराचा पाऊस झाल्यावर माती वाळेपर्यंत, निदान दोन दिवस, सायकल घरी ठेवा. मार्च ते जून माथ्यावरची मोकळी पठारं टाळा. मागचं चाक घसटत नेऊ नका, वेग आधीच कमी करा. चालणारा दिसला की पाय टेकून त्याला आधी जाऊ द्या. आणि वाटेत काटेरी फांदी आडवी दिसली, तर ती वाऱ्यानं पडलेली नसते. तिला हात लावू नका, दुसऱ्या वाटेनं उतरा.